फ्रान्सच्या बाटल्या आणि हळदीतला जनरेटर

दापोड्याच्या आमच्या गोदामात एक खोली अशी आहे, की भर मे महिन्यात तिच्यात शिरताना मी स्वेटर घालतो. बाहेर पत्र्याखाली माणूस उकडून निघत असतो, ट्रकचे ड्रायव्हर टायरच्या सावलीला आडवे झालेले असतात, आणि मी लोकरीचा स्वेटर चढवून, गळ्यातली तुळशीची माळ आत सारून, फ्रान्सच्या वाईनची विचारपूस करायला आत जातो. गेली वीसेक वर्षं हेच माझं काम. एवढ्या वर्षांत मी तिचा थेंबही चाखलेला नाही. पूर्वी हे सांगताना मला अभिमान वाटायचा. आता वाटत नाही. माळ घातलेला माणूस पीत नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. तो खोटं बोलत नाही, असं माळेवर कुठे लिहिलेलं नसतं.

या अंकासाठी गोदामातल्या गमतीजमती लिहून द्या, असं मला सांगण्यात आलं. गमती पुष्कळ आहेत. पण वाटेत एक पेटी आडवी पडली आहे, आणि ती उचलल्याशिवाय मागचा माल बाहेर काढता येणार नाही. म्हणून गमती थोड्या सांगतो आणि त्या पेटीकडे येतो.

आमच्याकडे वाईन कशी येते ते आधी सांगायला हवं, कारण भिवंडीत गोदाम म्हटलं की लोकांना कापडाचे तागे नाहीतर मोबाईलची खोकी दिसतात. वाईन बंदरावरून गार कंटेनरात येते. सरकारचा कर भरेपर्यंत ती कुलूपबंद भागात राहते. ती देशात आलेली असते, पण कायद्याच्या हिशेबी अजून आलेली नसते. कर भरला की ती आमच्या गार खोलीत येते. तिथे तिच्यावर आपल्याकडची लेबलं लागतात आणि मग ती परवानेवाल्या दुकानांत आणि हॉटेलांत जाते. गार खोलीत साधारण चौदा-पंधरा अंश ठेवायचे, उजेड ठेवायचा नाही, बाटल्या आडव्या ठेवायच्या. आडव्या का, तर बूच ओलं राहावं म्हणून. बूच सुकलं की आकसतं, हवा आत शिरते आणि वाईन आंबते. उलट खोली तापली की वाईन फुगते आणि बूच बाहेर ढकलते. म्हणजे सुकली तरी पंचाईत आणि तापली तरी पंचाईत. आमचा रघू म्हणायचा, "दादा, ही दारू न्हाय, बाळंतीण हाय."

रघू हा आमच्या हमालांचा म्होरक्या. डोंगराकडच्या पाड्यावरून येतो, भाताच्या दिवसांत शेतीला जातो, बाकी वर्षभर आमच्याकडे. त्याने आयुष्यभर खोक्यावरचा बाण वर ठेवून माल लावला होता. बाटल्या आडव्या लावायच्या हे त्याला पटवायला मला एक अख्खा पावसाळा लागला.

गिऱ्हाइकं तर काय वर्णावीत. आमच्याच भागातल्या एका जमीनमालकांनी दिवाणखान्यात काचेचं कपाट केलं आणि त्यात फ्रान्सच्या बोर्दो प्रांताची बाटली उभी करून चोवीस तास वर दिवा सोडला. दोन वर्षांनी पाहुण्यांसमोर उघडली तर आंबलेली. मला फोन केला, "बाळाराम, फसवलास रं आमाला." मी म्हटलं, "शेठ, तुम्ही तिला इतकी वर्षं झोपूच दिलं नाहीत." एका हॉटेलच्या मॅनेजरने बुचाला मातकट डाग आहे म्हणून सगळा माल परत पाठवला होता, दुसऱ्याने बुचाला डाग नाही, म्हणजे ही नकली असणार, असं सांगून पाठवला होता. दोघांचं मी शांतपणे ऐकून घेतलं. ऐकून घेण्याची माझी ख्याती आहे. मी मुळातच कमी बोलतो, आणि लोकांना वाटतं की कमी बोलणारा माणूस सरळ असतो.

मालकीणबाई शलाका मॅडम यांनाही तसंच वाटायचं. त्या कल्याणच्या. कॉलेजात फ्रेंच शिकल्या, त्या भाषेच्या बळावर तिकडच्या मळेवाल्यांशी ओळखी केल्या आणि वाईन आणू लागल्या. गोदामाच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. काहीही झालं की त्या एकच विचारायच्या, "बाळारामदादा, तुम्ही पाहिलंत ना?" मी "हो" म्हटलं की विषय संपायचा.

आता त्या पेटीकडे येतो.

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माझ्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न निघालं. चुलतभाऊ म्हणजे जनादादा, माझ्याहून मोठा, कोन गावात आमची घरं भिंतीला भिंत लावून. आमच्या आगरी लोकांत लग्नापेक्षा हळद मोठी, हे ठाणे जिल्ह्यात कोणाला सांगावं लागत नाही. लग्नाला पाहुणे येतात, हळदीला अख्खा गाव येतो. मांडव, रोषणाई, डीजे, आणि हळदीचा डीजे मध्येच बंद पडला तर ती गोष्ट नातवंडांच्या हळदीतही निघते. त्या वर्षी गावात वीज सारखी जात होती आणि लग्नसराईमुळे भाड्याने जनरेटर मिळत नव्हता. जनादादा दापोड्याला आला. आमच्या गोदामामागे चाकांच्या गाड्यावर आमचा जनरेटर उभा होता, त्याच्याकडे त्याने नवरी बघायला आल्यासारखं बघितलं.

"बाल्या, हा बराच मोठा हाय रं."

"गार खोलीसाठी आहे."

"लाईट हाय ना पन तुमच्याकडं?"

"आत्ता आहे."

"मंग? दोन दिवसाचा तर सवाल हाय. का तुजी वाईन माज्या पोराच्या हळदीपक्षा मोठी झाली?"

शनिवारी सकाळी मी जनरेटर पिकअपच्या मागे जोडून दिला. गेटवर वॉचमन यादवला सांगितलं की सर्व्हिसिंगला चाललाय. ते पहिलं खोटं. ते बोलताना जीभ अडखळली नाही, याचं मला नंतर फार वाईट वाटलं.

शनिवारी दुपारी दापोड्याचा ट्रान्सफॉर्मर उडाला.

यादवचा फोन आला तेव्हा मी मांडवात होतो. "साहब, लाइट गया." मी म्हटलं, आएगा. आमच्याकडे दोन-तीन तासांत येते. गार खोलीच्या भिंती जाड असतात, दार उघडलं नाही तर तेवढा वेळ काही होत नाही. दिवेलागणीला हळद सुरू झाली. डीजेच्या वायरीतून ठिणग्या उडायला लागल्या तेव्हा ती नीट करून दिली इम्तियाजने.

इम्तियाज आमच्या गार खोलीच्या मशिनचा मेकॅनिक. त्याचे वडील उत्तरेतून इथे यंत्रमागावर, म्हणजे लूमवर, कामाला आले, तो इथेच जन्मला, इथेच शिकला. गोदामाचं काम करता करता आमचं घरचं येणंजाणं झालं. आमच्या हळदीत मटण असतं. ते त्याला चालत नाही, कारण ते त्यांच्या पद्धतीने कापलेलं नसतं; आणि मला चालत नाही, कारण माझ्या गळ्यात माळ. त्यामुळे प्रत्येक कार्यात तो माळकऱ्यांच्या पंगतीत माझ्या शेजारी बसतो आणि वाटाण्याचं कालवण ओरपतो. जनादादा त्याला "इम्तियाजबुवा" म्हणतो. तर वायर जोडून हात पुसत तो पंगतीत आला आणि म्हणाला, "दादा, जनरेटर ओळखीचा वाटला मला."

मी त्याच्या पानात भात वाढला.

लाईट नव्हती हे आपल्याला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही. रविवारी सकाळी यादवचा परत फोन आला. ट्रान्सफॉर्मरचं सामान मिळत नाही, उद्यापर्यंत काही खरं नाही. मला तेव्हा जनरेटर परत नेता आला असता. पण त्या दिवशी लग्न होतं, नवरीकडचं वऱ्हाड यायचं होतं, मंडपाचे पंखे त्याच्यावर फिरत होते. जनादादासमोर जाऊन "जनरेटर नेतो" म्हणायची माझी छाती झाली नाही. मी नव्या सदऱ्याच्या गुंड्या लावत आरशासमोर उभा राहिलो, आणि ठरवलं की वाईनला काही होणार नाही. माणूस असं ठरवू शकतो. सोपं असतं ते.

सोमवारी सकाळी जनरेटर जागेवर आणून लावला. तासाभराने लाईटही आली. मी स्वेटर घालून गार खोलीचं दार उघडलं आणि स्वेटर काढला. आतून गरम, गोडसर वाफ आली, मोरावळा शिजत असताना येते तशी. वरच्या फळ्यांवरच्या काही बाटल्यांची बुचं टोपीखाली फुगून वर आली होती, काही पाझरल्या होत्या.

मॅडम दुपारी आल्या. त्यांनी वॉचमनला विचारलं असतं तर सगळं तिथेच उलगडलं असतं. पण त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "पहाटे लाईट गेली होती, तीन-चार तास. जनरेटर सुरू झाला, पण मशिन ट्रिप झालं होतं. ते चालू झालं नाही."

इम्तियाज तिथेच उभा होता. मशिनची सर्व्हिसिंग त्यानेच आदल्या आठवड्यात केली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलणार. तो म्हणाला, "हो सकता है, मॅडम."

ते "हो सकता है" पुढे कितीतरी दिवस माझ्या कानात वाजत राहिलं. डीजे परवडला.

पाझरलेला माल बाद झाला. बाकीचा फक्त तीन-चार तासच तापला, त्याला काही झालं नसावं, असं मॅडमनी धरलं. तसं मीच सांगितलं होतं. इम्तियाजचं आमच्याकडचं काम गेलं. मॅडम त्याला वाईट काही बोलल्या नाहीत, फक्त दुसरा माणूस लावला. पण आमच्या भागात गोदामं एकमेकांच्या कानाला लागून आहेत. औषधांच्या गार गोदामवाल्यांनी त्याला काढलं, चॉकलेटवाल्यांनी काढलं. "त्याच्या हातून वाईन खराब झाली," एवढं एक वाक्य दापोड्यापासून कशेळीपर्यंत पुरलं. तो शहरात घरगुती एसी दुरुस्त करायला लागला. रस्त्यात भेटला तर "सलाम, दादा" म्हणायचा आणि थांबायचा. मी गाडी थांबवायचो नाही.

असे महिने गेले. घरी बायको विचारायची, इम्तियाजभाई आले नाहीत बरेच दिवस. मी म्हणायचो, कामात असेल.

दिवाळी जवळ आली तशी मॅडमनी जुना माल काढायचं ठरवलं. फ्रान्सच्या वेगवेगळ्या प्रांतांतल्या बारा बाटल्या एका पेटीत घालायच्या, काही लाल, काही पांढऱ्या, एक-दोन गुलाबी, आणि जवळजवळ अर्ध्या भावाला द्यायच्या. धंद्यात याला मिक्स केस म्हणतात. ज्या वाईनच्या थोड्याच बाटल्या उरल्यात, ज्यांचं लेबल बदललंय, त्या अशा निघतात, आणि गिऱ्हाइकालाही बारा तऱ्हा चाखायला मिळतात. रघू पेट्या भरताना म्हणाला, "दादा, ही बारा गावचं पानी प्यालेली पेटी झाली." मी हसलो नाही. त्या पेट्यांत काय भरलं जातंय ते त्या गोदामात फक्त मला ठाऊक होतं. लेबलं सरळ, टोप्या घट्ट, बाटल्या चकचकीत. आत काय, ते उघडेपर्यंत कळणार नाही, आणि उघडणाऱ्याला वाटेल, फ्रान्सची वाईन अशीच लागत असणार.

मी स्वतःला तेच सांगत होतो. आपल्याकडे कोणाला कळतंय?

त्या आठवड्यात मॅडम आपल्या बाईंना घेऊन गोदामात आल्या. दामलेबाई. मॅडमना कॉलेजात फ्रेंच शिकवणाऱ्या त्याच. सत्तरी आलेली, सुती साडी, पायात बूट, हातात कापडी पिशवी. तीस-पस्तीस वर्षं कल्याणच्या मुलांना फ्रेंच शिकवलं, पण फ्रान्सला काही जाणं झालं नाही. आधी सासू-सासरे, मग मुलं, मग मिस्टरांचं आजारपण. हे सगळं त्यांनी मला पहिल्या पाच मिनिटांत, अजिबात रडगाणं न गाता सांगितलं. सत्तराव्या वाढदिवसाला जुने विद्यार्थी घरी जमणार होते. बाईंनी एका दुकानातून मिक्स केस मागवली होती. म्हणाल्या, "शलाका, पेटी कुठून येते ते मला बघायचंय. फ्रान्स नाही तर निदान दापोडे तरी."

रघूने एक पेटी उघडून बाटल्या टेबलावर मांडल्या. बाई एकेक हातात घेऊन लेबल वाचू लागल्या. आम्ही इतकी वर्षं जे "बोरडॉक्स" म्हणत होतो, ते त्यांनी "बोर्दो" असं म्हटलं, आणि रघूला तीनदा म्हणायला लावलं. रघूने म्हटलं. मग त्या मागचं बारीक अक्षर वाचून आम्हाला मराठीत सांगू लागल्या. हा मळा नदीकाठी आहे. ही द्राक्षं हाताने तोडलीत. एका बाटलीवर त्या थांबल्या आणि हसल्या.

"हे बघा काय लिहिलंय. आडवी ठेवा, गार जागी ठेवा, उजेड लागू देऊ नका. माझ्या आईने लोणच्याच्या बरणीवर असंच लिहिलं असतं." मग त्यांनी बाटली खाली ठेवली. "शलाका, एक विचारू? ही एवढी स्वस्त का?"

आमच्या भागात हा प्रश्न वस्तू हातात घेण्याआधी विचारतात. बाईंनी वस्तू वाचून झाल्यावर विचारला.

मॅडम म्हणाल्या, "थोडा थोडा उरलेला माल आहे, बाई. जागा मोकळी करायचीय. खोट काही नाही."

बाईंनी मान हलवली. आणि मग, शिक्षक मागच्या बाकावर गप्प बसलेल्याला उठवतात तसं, माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही सांगा. तुमच्या हाताखालून जातो ना माल. काही खोट आहे का यात?"

मी आयुष्यात कोणाला इतकं पटकन उत्तर दिलं नसेल.

"आहे," म्हटलं.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं, मी एखादं फाटकं लेबल सांगणार. मी म्हणालो, "मॅडम, मे महिन्यात मशिन बंद पडलं नव्हतं. लाईट शनिवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत नव्हती. जनरेटर इथे नव्हता."

"कुठे होता?"

"कोनला. माझ्या पुतण्याच्या हळदीत."

बाहेर ट्रक मागे घेतला जात होता, त्याची शिट्टी वाजत होती. रघू जमिनीकडे बघत होता. दामलेबाईंनी मात्र अगदी मनापासून विचारलं, "हळदीत जनरेटर कशाला?"

"डीजेला," रघू म्हणाला.

"बाई, प्लीज," मॅडम म्हणाल्या. त्या खोक्यावर बसल्या. मग विचारलं, "आणि इम्तियाज?"

"त्याची काही चूक नव्हती. तो गप्प बसला."

"तुम्ही बसवलंत."

"हो."

मला वाटलं होतं, हे बोलून झालं की पायाखालची जमीन सरकेल. तसं काही झालं नाही. उलट पाय जमिनीला लागल्यासारखं वाटलं. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता, माझी नोकरी जाणार हे मला दिसत होतं, आणि तरी मला भूक लागली होती. मे महिन्यापासून मला अशी भूक लागलेली आठवत नव्हती.

मॅडम उठल्या. आवाज थंड होता. "वरच्या फळ्यांवर काय होतं त्या दिवशी? आठवतंय?"

मला फळीन् फळी आठवत होती. गरम हवा वर जाते. वर पांढरी होती, अल्सास आणि लोआर प्रांतांतली, आणि गुलाबी. मध्ये बर्गंडीची लाल. अगदी खाली, फरशीला लागून, बोर्दो. मॅडमनी प्रत्येक जागेवरची एकेक बाटली ऑफिसात आणायला सांगितली, स्टीलचे पेले मागवले आणि बादली.

वाईन चाखणारे लोक घोट तोंडात घोळवून थुंकतात, हे मी कित्येकदा पाहिलं होतं. रघू पहिल्यांदा पाहत होता. मॅडमनी पहिला घोट बादलीत टाकला तसा तो माझ्या कानाशी म्हणाला, "दादा, एवढी म्हाग, आन् चूळ भरत्यात?" मी त्याला गप्प केलं. खरं तर त्या क्षणी माझं सगळं आयुष्य त्या चुळीत होतं.

खालची बोर्दो. मॅडमनी वास घेतला, घोळवली, थुंकली. परत घोट घेतला. मग म्हणाल्या, "ठीक आहे." दुसरी. "ठीक आहे." मधल्या फळीवरची बर्गंडी. "बरी आहे." मी भिंतीला टेकलो. मग वरची पांढरी उघडली आणि वास घेतानाच त्यांनी पेला लांब केला. "शिजली," त्या म्हणाल्या. "सगळी वरची गेली."

दामलेबाईंनी हात पुढे केला. "बघू."

"बाई, खराब आहे ती."

"म्हणून तर. चूक कशी असते ते कळल्याशिवाय बरोबर काय ते कसं कळणार?" त्यांनी घोट घेतला. थुंकल्या नाहीत. आयुष्यातला पहिला फ्रेंच घोट तो, आणि शिजलेला. म्हणाल्या, "मोरावळ्यासारखी लागते. मला वाईट नाही वाटली हं." मग चांगली बोर्दो चाखली आणि चेहरा कारल्याची भाजी खाल्ल्यासारखा केला. "ही चांगली? हिला सवय करावी लागेल."

मॅडम हसल्या. रागातच, पण हसल्या. मला तेव्हा कळलं की मी उरलोय.

बाईंची पेटी खालच्या आणि मधल्या मालातून नव्याने भरली गेली. त्यांनी हट्टाने एक शिजलेली बाटली जादा मागून घेतली, मुलांना फरक शिकवायला. दुकानांत गेलेल्या पेट्या परत मागवल्या. उल्हासनगरच्या एका गिऱ्हाइकाने तेवढी परत दिली नाही. पांढरी फार छान आहे, अशीच अजून मिळेल का, असा त्याचा निरोप आला. वरचा सगळा माल मॅडमनी बाद केला आणि नुकसान सोसलं. मला काढलं नाही. किल्ल्या काढून घेतल्या. वर्षभर मी रोज सकाळी वॉचमनच्या केबिनसमोर उभा राहून यादवकडून किल्ल्या घेत होतो आणि संध्याकाळी त्याला परत देत होतो. रघू म्हणायचा, "बरं झालं दादा, तुमचा भार हलका झाला." टोमणा होता, पण बात खरी होती.

त्या दिवशी निघताना मॅडमनी एकच सांगितलं, "इम्तियाजला मी फोन करणार नाही. तुम्ही जायचं."

मी तसाच त्याच्या दुकानावर गेलो. शहरात, लूमच्या खडखडाटात, एका गल्लीच्या तोंडाशी. तो कुणाच्यातरी एसीची जाळी धूत बसला होता. मी उभा राहून सगळं सांगितलं. लूमच्या आवाजात मोठ्याने बोलावं लागतं, त्यामुळे माझा गुन्हा अख्ख्या गल्लीने ऐकला.

त्याने जाळी झटकली. "दादा, हे मला कशाला सांगता? डीजेची वायर मीच जोडली ना."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"मैं बोलता, तो तुम क्या होते? चोर. तुम्ही स्वतः बोलला असतात तर फक्त चुकलेला माणूस झाला असतात. मला वाटलं, आज बोलतील, उद्या बोलतील." त्याने जाळी परत नळाखाली धरली. "फिर मैंने सोचना छोड़ दिया. घर चलाना था."

मी म्हटलं, "चुकलो, इम्तियाज."

"चुकलात खरे. बहुत." त्याने नळ बंद केला. "बैठो. चाय बोलता हूँ."

तो आला परत. आधी मॅडमनी स्वतः त्याच्यासमोर चूक मान्य केली, आणि औषधवाल्यांना नि चॉकलेटवाल्यांना फोनवर खरं काय ते सांगितलं. इम्तियाजने एकच अट घातली. जनरेटरची चाकं काढायची आणि तो सिमेंटच्या ओट्यावर चार बोल्टांनी जखडायचा. बोल्ट त्याने स्वतः आवळले, मी पाना धरला. वरून त्याने असं यंत्र बसवलं की लाईट गेली तर जनरेटर आपोआप सुरू होतो. मधे माणूसच नाही. "माणसावर भरोसा नाही?" मी विचारलं. "माणसाला सुट्टी पाहिजे असते," तो म्हणाला.

गेल्या मे महिन्यात जनादादाच्या धाकट्या मुलाची हळद होती. जनादादा पिकअप घेऊन दापोड्याला आला, सवयीने थेट गोदामामागे गेला आणि ओट्यासमोर उभा राहिला. वाकून बोल्ट बघितले.

"ह्यो कोनी केला?"

"यानं," मी इम्तियाजकडे बोट दाखवलं.

"इम्तियाजबुवा, तुमी पन?"

"दादा, भाड्याचा आणून देतो," इम्तियाज म्हणाला. "हा नाही."

जनादादाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "न्हाय, दादा." लहानपणापासून त्याला मी पहिल्यांदा नाही म्हटलं. त्याने एक बोल्ट हलवून पाहिला, मग म्हणाला, "बरा आवललाय," आणि पिकअप वळवून गेला.

हळदीला आम्ही दोघं माळकऱ्यांच्या पंगतीत बसलो होतो. वाटाण्याचं कालवण त्या वर्षी चांगलं जमलं होतं. भात वाढून होतो तोच यादवचा फोन आला. डीजेमुळे नीट ऐकू येईना, मी एका कानात बोट घातलं. "साहब, लाइट गया था. जनरेटर चालू हो गया."

"कमरा ठंडा है?"

"ठंडा है."

मी फोन खिशात ठेवला. इम्तियाजने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," म्हटलं. "लाईट गेली." आणि वाढप्याला हाक मारून कालवण परत मागितलं.